संजयची पात

जिजींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण अर्थात मी एकटीनेच केलं. त्यांना भांडता येतच नव्हतं.

इंदिरानगरात आमची तीन मजली सोसायटी आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि माझ्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, नवीन बिऱ्हाड आलं होतं: नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. एका रविवारी मी स्टार्च केलेल्या दोन साड्या गॅलरीत वाळत घातल्या आणि आत येऊन जरा आडवी झाले. उठून बघते तर साड्यांवर हिरवट पाण्याचे ओघळ, आणि वास असा की मासळीबाजार घरी आलाय. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेल्यामुळे आवाज कुठल्या पट्टीत लावायचा हे मला शिकवावं लागत नाही. त्याच पट्टीत बोलायचं ठरवून मी वर गेले.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, काळ्यासावळ्या बाईंनी. पदर कमरेला खोचलेला आणि उजवा हात कोपरापर्यंत ओला. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "बाई, पोराच्या माशाच्या टाकीचं पानी बदललं. ते खताचं पानी हाय. गटारीत कसं वतू? कुंड्यांला घातलं. खाली गळंल हे नाय आलं ध्यानात." आणि मी काही बोलायच्या आत, "तुमच्याकडं कढीपत्ता हाय नं? पिवळा पडलाय. म्या वरून रोज बघती. त्याला द्या तांब्याभर."

रागावायला गेलेली मी तांब्याभर घाण पाणी घेऊन परत आले. कढीपत्ता पंधरवड्यात सुधारला, साड्या मात्र दोनदा धुवाव्या लागल्या.

त्यांचं नाव जिजाबाई. सगळे जिजी म्हणत. मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या सासरचा भाजीपाला आणि फुलांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. पुढे तिथे प्लॉट पडले. कसे पडले, कुणी पाडले, हे त्या कधी बोलल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर "पडले" एवढंच म्हणाल्या आणि शेंगा निवडत राहिल्या. नवरा त्याआधीच गेला होता. मुलगा संजय ओझरला विमानाच्या कारखान्यात लागला, लग्न झालं, त्याने फ्लॅट घेतला, आणि आयुष्यभर काळ्या मातीत वावरलेली ही बाई तिसऱ्या मजल्यावरच्या पांढऱ्या फरशीवर आली. घरात त्या अनवाणीच असायच्या. सून स्वातीने मऊ सपाता आणून दिल्या होत्या. त्या दाराशी जोडीने मांडून ठेवलेल्या असत, पाहुण्यांना दाखवायला.

संजय उंच, हसरा आणि थोडा हौशी गडी. त्याने आल्याआल्याच हॉलमध्ये हाताच्या लांबीची काचेची टाकी आणली, तळाशी बारीक खडी पसरली, वर दिवा लावला, गप्पी मासे सोडले. मासे लवकर मरतात, वनस्पती असली की पाणी चांगलं राहतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मग तो दुकानातून व्हॅलिस्नेरिया नावाच्या पाणवनस्पतीची तीन रोपं घेऊन आला. लांब, हिरवी, फितीसारखी पानं आणि खाली पांढऱ्या मुळांचा झुपका. नवशिक्याने हीच लावावी, दुर्लक्ष झालं तरी मरत नाही, असं दुकानदार म्हणाला होता.

जिजींनी रोपं हातात घेऊन उलटसुलट केली. "ही तर कांद्याची पात हाय," त्या म्हणाल्या. "मंग कांदाच लावायचा व्हता. पिठलं तरी झालं असतं."

"जिजी, ही शोभेची आहे," संजय म्हणाला.

"शोभेला आन माशाला. मानसाला काय?"

पण पुढचा सगळा तास त्या त्याच्या शेजारी पाटावर बसून होत्या. संजयने बोटाने खडीत खड्डा केला, मुळं आत सोडली, बाजूची खडी सारली. त्याचं बोट जरा कुठे वाकडं गेलं की यांची मान हलायची. पण हात त्यांनी घातला नाही. "त्याची लावनी हाय, त्याला करू द्या," असं त्यांनी मला सांगितलं. मी तेव्हा साखर मागायला गेले होते आणि साखर विसरून उभी राहिले होते.

आठवड्याने पानं पारदर्शक होऊन विरघळायला लागली. संजय हिरमुसला, उपटून फेकून देतो म्हणाला. जिजी म्हणाल्या, "हात नको लावू. लावनी केली का रोप मान टाकतंच. वांगं नाय टाकत? जागा बदलली, त्याला रुसू दे चार दिस." आणि तसंच झालं. जुनी पानं गेली, मधून नवी सुई बाहेर आली, पावसाळा संपेपर्यंत पात पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली. खडीखालून तिचे फुटवे हरळीसारखे धावायला लागले आणि जिथे तिथे छोटी रोपं उगवली. संजय कामावरून आला की चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायचा. जिजी सोफ्यावर न बसता खाली बसायच्या. दोघं पात बघत बसत.

त्या घरात एकच कमी होती. लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. जिजी त्यावरून सुनेला कधी एक शब्द बोलल्याचं मला माहीत नाही, आणि माझ्या कानांतून असं सहसा काही सुटत नाही.

मग संजय गेला. चाळिशीही गाठली नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसला तो उठलाच नाही. मी धावत वर गेले तेव्हा स्वाती त्याचे तळपाय चोळत होती आणि जिजी भिंतीला धरून उभ्या होत्या. टाकीचा पंप तेवढा बुडबुडत होता. तो आवाज मला अजून नको वाटतो.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मासे एकेक करून गेले. त्यांना खायला घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. राहिली ती पात. दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं, दुर्लक्ष होऊनही ती जगली.

एका दुपारी मी डबा द्यायला गेले तर जिजी टाकीत हात घालून काहीतरी बांधत होत्या. जवळ जाऊन पाहिलं. संजयने लावलेल्या तीन रोपांपैकी दोन मागेच फुटव्यांच्या गर्दीत जिरून गेली होती. मधलं, सगळ्यांत थोराड रोप तेवढं पहिल्यापासूनचं होतं. त्याच्या बुंध्याशी जिजींनी लाल दोरा बांधला होता.

"हे काय?"

"बियान्याला राखलं," त्या म्हणाल्या. "आमच्या मळ्यात काकडीचा येल आसो का वांग्याचं झाड, चांगलं आसंल त्याला चिंधी बांधायची. मंग त्याला कुनी हात नाय लावायचा. त्याचं फळ खायचं नाय, इकायचं नाय. हे त्याच्या हातचं हाय, बाई. बाकीचं आपसूक आलंय."

मी मान हलवली.

त्यानंतर जिजींचा सगळा जीव दोन ठिकाणी गुंतला, एक त्या लाल दोऱ्याच्या पातीत आणि दुसरा स्वातीत.

स्वाती आडगावच्या पुढे एका ऑफिसात नोकरीला होती. ती स्कूटरवरून सहा-साडेसहाला यायची. सहाला पाच कमी असल्यापासून जिजी खिडकीत. मी संध्याकाळी फिरून भाजी घेऊन येत असे, तेव्हा वरून हाक यायची, "बाई, स्वाती दिसली का वं?" मी खालून ओरडायची, "द्वारकेला अडकली असेल, जिजी. येईल!" द्वारकेचा चौक त्यांनी आयुष्यात चारदाच पाहिला असेल, पण त्याच्यावर त्यांचा राग असा, की जणू तो मुद्दाम त्यांच्या सुनेला अडवून धरतो. स्वाती आली की हातातली पिशवी काढून घ्यायच्या, पाय धुवायला गरम पाणी, वाफाळता चहा, वर तुपाची पोळी. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या. पुढे तर तिची गादीसुद्धा त्यांनी आपल्या खोलीत आणली. एकटीला झोप लागत नाही म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुणी भेटलं की म्हणत, "माझी सून नाय ती, लेक हाय. ती कुढं जानार नाय."

स्वाती वाळत चालली होती. एकदा जिन्यात भेटली. मी म्हटलं, "काय गं, एवढं तूप खातेस, लागत कसं नाही?" मला वाटलं हसेल. ती पायरीवर बसली. मग हळूहळू कळलं. तिच्या आईने पुण्याचं एक स्थळ आणलं होतं. बायको वारलेला, सरळ माणूस. ती त्याला दोनदा भेटलीही होती, आणि तिला तो आवडला होता. जिजींना तिच्या आईने घरी येऊन सगळं सांगितलं. जिजींनी नीट ऐकलं, चहा केला, विहिणीला साडी दिली आणि त्या विषयावर एक अक्षरही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वातीच्या डब्यात एक भाजी वाढली.

"मग स्पष्ट बोल की त्यांच्याशी," मी म्हटलं. बोलायला आपल्या बापाचं काय जातं!

"कसं बोलू, बाई? त्या इतक्या चांगल्या आहेत. वाईट असत्या तर सोपं होतं," ती म्हणाली आणि डोळे पुसून वर गेली. पुण्याला तिने नाही म्हणून कळवून टाकलं.

त्याच सुमारास पातीचं काहीतरी बिनसलं. लाल दोऱ्याच्या रोपाची पानं बुडापासून तपकिरी पडायला लागली. जिजींनी जे मळ्यात केलं असतं तेच केलं. संजयने आणलेली उरलेली खडीची पिशवी माळ्यावर होती. ती काढून, धुऊन, त्या रोपाच्या बुडाशी भर लावली. वांग्याला, टोमॅटोला माती चढवतात तशी, चांगली चार बोटं उंच. पान आणखी काळवंडलं तर आणखी भर. रोज सकाळी देवपूजा झाली की हात टाकीत. खडी चाचपायची, बुंध्याला थापटायची, पुन्हा ओढून घ्यायची. मला म्हणाल्या, "मुळं उघडी पडली आसतील. भर दिली का धरंल." त्या इतक्या खात्रीने म्हणाल्या की मला खरंच वाटलं. मला बाई कुंडीतला कढीपत्ता जगवता येत नाही, मी काय सांगणार होते?

एक दिवस त्यांनी बोट लावलं आणि अख्खं रोप हातात आलं. खाली मूळ नव्हतंच, नुसता लगदा होता. लाल दोरा सुटून पाण्यावर तरंगत होता.

संजयने रोपं आणली होती त्या दुकानात त्या मला घेऊन गेल्या. ते कुजकं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून, डॉक्टरकडे मूल न्यावं तसं. दुकानदार पन्नाशीचा, जाडसर चष्म्याचा गृहस्थ. त्याने फडकं उघडून बघितलं आणि विचारलं, "आजी, याला खडीत किती खोल दाबलं होतं?"

जिजींनी चार बोटं दाखवली.

"तिथंच चुकलं. हिला काही लागत नाही हो. फक्त मूळ झाकायचं. मुळाच्या वर हा पांढरा गळा असतो ना, जिथून पान फुटतं, तो उघडा ठेवायचा. गळा पुरला की आतून सडते. पहिल्यांदा थोडी पानं खराब झाली असतील, ती आपोआप सुधारली असती. नवीन देऊ का? वीस रुपयाला आहे."

जिजींनी मान हलवून नको म्हटलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाल्या, "जलमभर भर देत आले, बाई. भर दिल्याबिगर झाड हुबं ऱ्हातं व्हय? मला काय ठावं, गळा उघडा ठिवायचा आसतो."

"जिजी, पाण्यातलं झाड वेगळं. तुम्हाला कसं कळणार? आणि बाकीची रोपं आहेत की. ती त्याचीच नाहीत का?"

"त्याच्या हातचं येकच व्हतं," त्या म्हणाल्या. "ते म्या पुरलं."

रडल्या नाहीत. फडकं दोन्ही हातांत धरून बसल्या. मीच बाहेर रस्त्याकडे तोंड करून डोळे पुसले.

त्यानंतर त्या दोन-तीन दिवस माझ्याकडे फिरकल्या नाहीत. मग एका संध्याकाळी स्वाती घाईघाईने खाली आली. "बाई, वर चला ना. आई कसंतरीच करतायत."

वर गेले. स्वातीची गादी उचलून तिच्या खोलीत नेऊन घातलेली होती. उशाशी तांब्या नव्हता. जिजी टाकीजवळ खाली बसल्या होत्या. स्वातीला म्हणाल्या, "बस." मग माझ्याकडे बघून, "तुमी बी बसा. साक्षीला कुनी पायजे, न्हाय तर मी फिरंन."

स्वाती बसली.

"तुझ्या आईला फोन लाव. त्या पुन्यावाल्यांला म्हनावं, येऊन जा."

"आई, मी त्यांना नाही कळवलंय. मला कुठं जायचं नाही. तुमचं कसं होईल?"

"माझं व्हईल. माझ्या भावाचा मळा हाय विंचूरकडं, भावजय चांगली हाय. माझं सांगू नको." त्यांचा आवाज चढला होता. मग एकदम खाली आला. "लय भर घातली गं तुझ्यावर. मला वाटायचं मी तुला सांभाळती. तू कोमेजायची तशी मी आजून घालायची. येक पुरलं ते बास झालं. तू जा, बाई. तू जगली पायजे."

स्वाती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मांडीवर डोकं ठेवलेली सून मी माझ्या आयुष्यात तेव्हाच पाहिली. जिजींचा ओला हात तिच्या केसांवर होता आणि केसांतून पाणी तिच्या कानाशी ओघळत होतं.

पुण्याची माणसं थांबली होती. लग्न नोंदणी पद्धतीने झालं, साधं, दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं. स्वातीने हट्टाने निघायच्या दिवशी आमच्याच सोसायटीतून निघायचं ठरवलं. ओटी भरायची वेळ आली तेव्हा मी तबक जिजींपुढे केलं. "तुम्हीच भरा. तुम्ही आई आहात तिची."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "नको. माझा हात नको. तिच्यापुढं आजून समदं आयुष्य हाय." मी त्यांना समजावणार होते. असल्या गोष्टींवर मी शाळेत भाषणं दिली आहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती, आणि ती भाषणाने जाणारी नव्हती. ओटी मीच भरली. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पात होती. टाकीतली झाडून सगळी रोपं, मुळं निगुतीने धुतलेली.

"सगळी दिलीत?" मी हळूच म्हटलं. "एखादं तरी ठेवायचं."

"बियानं घरात ठिवून काय उगवतं? पेरावं लागतंय."

स्वाती उठली, त्यांच्यापाशी गेली आणि ती पिशवी त्यांच्या हातातून घेऊन आपल्या ओटीत, तांदूळ आणि नारळाच्या शेजारी ठेवली. पिशवी गळत होती, पदर भिजला. जिजी म्हणाल्या, "मूळ तेवढं झाक. गळा उघडा ठिव." मग गाडी सुरू झाली आणि त्या खाली आल्याच नाहीत.

पुढच्या महिन्यात त्या विंचूरकडे भावाकडे गेल्या आणि हिवाळ्यात तिथेच वारल्या. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. मला कळलं ते सगळं झाल्यावर. स्वातीचा पुण्याहून फोन आला, ती नीट बोलू शकत नव्हती. तिच्याकडे आता टाकी आहे, पात पाण्याच्या वर आली आहे, एवढं तिने शेवटी सांगितलं.

पण जिजी म्हटलं की मला आठवते ती त्यांच्या विंचूरला जाण्याच्या आधल्या दिवसाची संध्याकाळ. मी भाजी घेऊन फाटकातून आत येत होते. पिशवीत कांद्याची पात होती, खरी, पिठल्याची. सवयीने वर बघितलं तर त्या खिडकीत उभ्या. उजवा हात कोपरापर्यंत ओला. टाकीतल्या पाण्यात आता नुसती खडी होती, तरी हात घालायची सवय गेली नव्हती. बोटांवरून पाणी खालच्या माझ्या गॅलरीत ठिपकत होतं. त्या रस्त्याच्या वळणाकडे बघत होत्या.

"बाई," त्यांनी हाक मारली, "स्वाती दिसली का वं?"

आणि माझ्याही तोंडून, विचार करायच्या आधीच, निघून गेलं, "द्वारकेला अडकली असेल, जिजी. येईल."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी त्यांच्या ध्यानात आलं की माझ्या, मला सांगता येणार नाही. त्यांनी ओला हात पदराला पुसला.

"हां," त्या म्हणाल्या, "लय गर्दी आसती तिथं." आणि खिडकी न लावता आत गेल्या.